टोकेकर काकांची मोहरी

टोकेकर काकांचे कान गेले यात माझा दोष नाही. ते वयानं गेले. पण कान गेल्याचं सगळ्या गल्लीला कळलं ते माझ्यामुळे, आणि ज्या रीतीनं कळलं ती मी आदल्या दिवशी बसून ठरवली होती. हे आधीच लिहून टाकतो. एकदा लिहिलं की पुढचं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही, तरी लिहितो.

इंदूरला अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या कॉलनीत आमची घरं समोरासमोर आहेत. काका बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले, पण बँकेबद्दल बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. त्यांचा विषय एकच होता, आवाज. कॉलनीत कोणाला टीव्ही घ्यायचा असो की स्पीकर, आधी काकांना विचारलं जायचं. मराठी कुटुंबंच नाही, आमचे जैन, अग्रवाल, मालवी शेजारीही विचारायचे. "काकाजी से सुनवा लो एक बार," असं म्हणायची पद्धतच पडली होती. काका यायचे, ऐकायचे, चहा घ्यायचे आणि दोन वाक्यांत निकाल द्यायचे. त्यावर वाद घातलेला कोणाला चालत नसे. काकांना चालत असे, बाकीच्यांना नाही.

अंगानं उंच, मानेत थोडे वाकलेले. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. खिशात सुपारीची एक रिकामी डबी, आणि डबीत पेन ड्राइव्ह. त्यात गाणं नव्हतं. काकांच्या स्वयंपाकघराचं रेकॉर्डिंग होतं, त्यांनी स्वतः केलेलं. नळ सुटतो, भांड्यावर झाकण पडतं, कुकर शिट्टी देतो. मग एक स्टीलची वाटी फरशीवर पडते आणि फिरत फिरत थांबते. मग तेलात मोहरी तडतडते. सगळ्यात शेवटी सुधाकाकूंचा आवाज येतो, "अहो, पोहे झाले. या."

"गाणं लावलं की तुम्ही फसता," काका म्हणायचे. "गाणं तुम्हाला आवडतं, म्हणून ते कसंही वाजलं तरी तुम्ही बढिया म्हणून मोकळे होता. वाटी पडलेली कोणाला आवडते? म्हणून वाटी खरी वाजते की खोटी, हे लगेच कळतं."

आणि मोहरी म्हणजे त्यांची शेवटची परीक्षा. स्वस्त स्पीकरवर मोहरी पाऊस पडल्यासारखी वाजते, नाहीतर वाजतच नाही, असं ते सांगायचे. चांगल्या स्पीकरवर दाणा न् दाणा वेगळा फुटतो. मोहरी आली की त्यांचे डोळे मिटत, आणि तिची तडतड संपली की मान एकदा खाली जाई. ती मान खाली गेली म्हणजे सिस्टिम पास.

गणपतीत मंडळाच्या हॉलमधली ध्वनिव्यवस्था त्यांच्याकडे असे. मंडपवाल्याचा माणूस मशीनवर बसायचा आणि काका हॉलच्या सगळ्यात मागच्या खुर्चीवर. त्यांनी माइकमध्ये "हॅलो, हॅलो" केलेलं मला आठवत नाही. ते भाज्या म्हणायचे. "गिलकी, भेंडी, शिमला मिर्च, पालक." भेंडीत घशाचा आवाज कळतो आणि शिमला मिर्चमध्ये दातांचा, असा त्यांचा हिशेब होता. कार्यक्रमाच्या आधी जमलेले लोक हसायचे. एकदा कोणीतरी मागून ओरडलं, "काका, धनिया फ्री मिळेल काय?" काकांनी तितक्याच शांतपणे माइकमध्ये सांगितलं, "धनिया संपला. तुम्ही उशिरा आलात."

कार्यक्रम सुरू झाला आणि लोक बडबडायला लागले की मशीनवरचा माणूस आवाज वाढवायला जाई. तेव्हा मागच्या खुर्चीवरून काकांचा हात वर येत असे. तळवा खाली, हवा हळूच दाबल्यासारखा. कमी कर. माणूस बिचकत आवाज कमी करायचा, आणि खरोखर दोन-तीन मिनिटांत हॉल शांत व्हायचा. "वाढवलं की लोक आणखी मोठ्यानं बोलतात," काका म्हणायचे. "कमी केलं की ऐकायला लागतात." तो हात मी वर्षानुवर्षं बघत आलो होतो.

मी गाडी घ्यायची ठरवली तेव्हा साहजिकच त्यांना घेऊन गेलो. माझा सांवेर रोडला खोकी छापायचा कारखाना आहे. बरी वर्षं आली होती. बाहेरच्या देशातली, मोठ्या नावाची गाडी घ्यायची होती, आणि मला हेही लपवायचं नाही की ती कॉलनीनं बघावी अशी माझी इच्छा होती.

शोरूममध्ये काका पुढच्या सीटवर बसलेच नाहीत. मागे डावीकडे बसले. सेल्समन म्हणाला, "सर, साउंड का मज़ा ड्राइवर सीट पे है."

"ड्राइवर गाड़ी चलाएगा कि मज़ा लेगा?" काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुझी बायको कुठं बसेल? तुझी आई कुठं बसेल? तिथं बसून ऐकायचं असतं, विनय."

त्यांनी एसी बंद करायला लावला, इंजिन बंद करायला लावलं आणि दारं लावून नुसते बसून राहिले. सेल्समनला वाटलं काहीतरी बिघडलं. काका गाडीची शांतता ऐकत होते. मग डबीतून पेन ड्राइव्ह निघाला. नळ, झाकण, कुकर. सेल्समननं माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "सर, ये कौन सा एल्बम है?"

"मेरे किचन का," मागून उत्तर आलं.

वाटी पडली तेव्हा तो बिचारा खाली वाकून काय पडलं ते बघायला लागला. आणि शेवटी "अहो, पोहे झाले" ऐकून त्यानं चक्क काचेतून बाहेर पाहिलं. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण पेच खरा होता. त्या गाडीत कंपनीची भारी सिस्टिम हवी असेल तर ती गाडीबरोबरच मागवावी लागत होती. नंतर कंपनी बसवून देत नव्हती. आणि तशी गाडी यायला चार महिने. साधी सिस्टिम असलेली गाडी मात्र तयार उभी होती, मला हव्या त्या रंगात, दसऱ्याला घरी आणता येईल अशी. तिच्यात बाहेरच्या दुकानातून नवे स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर वगैरे बसवून घेता आलं असतं.

आमच्या शेजारच्या राजू भियाचं मत पक्कं होतं. "अरे भिया, कंपनी वाले में दम नहीं होता. बाहर से लगवाओ. पूरी कॉलोनी हिल जाएगी."

"कॉलनी हलवायची असेल तर रोड रोलर घे," काका मला म्हणाले. "गाणं ऐकायचं असेल तर थांब चार महिने."

"पण काका, बाहेरची सिस्टिम ताकदीची असते ना?"

"असते. साधी गाडी असती तर मीच म्हटलं असतं, बाहेरून बसव, मज़े कर. पण ह्या गाडीचा पत्रा, काच, सीटचं कातडं, सगळं धरून त्यांनी तो आवाज बसवलाय. गाडी न् तिचा आवाज एका घरात वाढलेले असावेत. बाहेरून आणलेला आवाज पाहुण्यासारखा राहतो. चांगलं वागतो, पण त्याला घरातलं काही माहीत नसतं. आणि ह्यात बाकीच्या वायरींना हात लागला की गाडी कुठं रुसेल सांगता येत नाही."

मी दसऱ्याला गाडी आणली. झेंडूची माळ घातली, फोटो काढले. पुढच्या आठवड्यात भंवरकुआंच्या पुढे एका दुकानात सगळं बसवून घेतलं. काका एका शब्दानंही रागावले नाहीत. फक्त काढलेले जुने स्पीकर त्यांनी मागून घेतले. "फेकू नको. गाडी विकशील तेव्हा कोणीतरी विचारेल. माझ्याकडे जागा आहे."

मग त्यांनी माझी सिस्टिम ऐकली. फाटकासमोर, दिवाळीच्या आधीच्या एका संध्याकाळी, चार माणसं उभी असताना. मागची डावी सीट, शांतता, मग स्वयंपाकघर. उतरल्यावर ते म्हणाले, "ताकद आहे. पण विनय, दार वाजून राहिलंय. वाटी पडली की डावं दार तिच्याबरोबर थरथरतं. हात लावून बघ."

मी हात लावला. दार थरथरत होतं.

त्या दिवशी त्यांनी मोहरीबद्दल काही म्हटलं नाही. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

राजू भियाला मात्र दार पुरेसं होतं. त्यानंतर कित्येक दिवस तो भेटला की विचारायचा, "और भिया, दरवाज़ा कैसा है?" दूधवाल्यापर्यंत गेलं ते. इंदूरमध्ये चेष्टा प्रेमानंच करतात, ती मनाला लावून घ्यायची नसते. मी लावून घेतली. एवढी मोठी गाडी आणून माझ्या नावाला चिकटलं काय, तर वाजणारं दार. आणि मला राग राजूचा आला नाही, काकांचा आला.

दिवाळी झाल्यावर सुधाकाकू आमच्याकडे आल्या. माझी बायको, मेधा, आत होती. काकू ओट्यावरच बसल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "विनय, एक बोलायचं होतं. कोणाला सांगू नको हं."

"बोला ना काकू."

"यांना मोहरी ऐकू येत नाही रे आता. कढईजवळ उभे राहतात न् मला विचारतात, टाकलीस का? ती तडतडून करपायला आलेली असते. बारीक आवाज सगळेच गेले. माझं बोलणं येतं, दार वाजलेलं येतं. बारीक नाही येत. तू त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जाशील? तुझ्यासोबत येतील ते."

मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात नेतो." त्या गेल्या. पुढचा आठवडा गेला, त्याच्या पुढचाही गेला. कारखान्यात काम होतं हे खरं आहे, पण कारण ते नव्हतं. माझ्याजवळ एक गोष्ट आली होती आणि तिचा उपयोग काय हे माझ्या मनात हळूहळू तयार होत होतं.

नव्या सिस्टिमचं सगळं नियंत्रण मोबाईलवर होतं. कुठला स्पीकर चालू, कुठला बंद, बोट लावलं की झालं. बारीक आवाज जे छोटे स्पीकर काढतात, त्यांना ट्वीटर म्हणतात. शनिवारी मी एकटा गाडीत बसून ट्वीटर बंद करून बघितले. पेन ड्राइव्हवरच्या रेकॉर्डिंगची एक प्रत काकांनी कधीतरी मला दिली होती. ती लावली. नळ आला, कुकर आला, वाटी पडली. मोहरीच्या जागी काहीच नव्हतं. मग एकदम काकूंचा आवाज, "अहो, पोहे झाले. या."

रविवारी सकाळी कॉलनीत पोहे-जलेबी होती. थंडी पडली होती, लोक उन्हात उभे होते, हातात कागदी प्लेटा, पोह्यांवर भरपूर सेव. मोहरीचे स्पीकर बंद आहेत एवढं मी राजूला आधीच सांगून ठेवलं होतं, काकांच्या कानांचं नाही. मी काकांना हाक मारली. "काका, दारात आतून फेल्टचं कापड भरून घेतलं. आता ऐकून सांगा."

त्यांनी प्लेट भिंतीवर ठेवली, हात रुमालाला पुसले आणि मागे डावीकडे बसले. मी दारं उघडीच ठेवली, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. ते म्हणाले, "दार लाव रे, असं ऐकत नसतात." मी म्हटलं, "असू द्या काका, आज सगळेच ऐकतील."

नळ, झाकण, कुकर. वाटी पडली, फिरली, थांबली. मग ती रिकामी जागा आली. काकांनी डोळे मिटले. रेकॉर्डिंग त्यांना इतकं पाठ होतं की मोहरी कुठं सुरू होते आणि कुठं संपते हे त्यांना ऐकावं लागत नव्हतं. नेमक्या जागी त्यांची मान खाली गेली.

"मोहरी कशी वाटली काका?" मी विचारलं.

"स्वच्छ," ते म्हणाले. "दाणा न् दाणा."

राजूला पहिल्यांदा हसू फुटलं. मग बाकीच्यांना. "काकाजी, राई तो डली ही नहीं! भिया ने बंद कर रखी है!" मी मोबाईल वर धरून दाखवला. लोक हसत होते. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता, माझ्याशिवाय. त्यांना वाटत होतं नेहमीची चेष्टा आहे, काका आता काहीतरी खमंग उत्तर देतील.

काकांनी मोबाईलकडे पाहिलं नाही, हसणाऱ्यांकडेही नाही. माझ्याकडे पाहिलं. पाहण्यात राग नव्हता. एखादी गोष्ट नीट कळली की माणूस बघतो तसं होतं ते. मग ते उतरले, गुडघ्यावरची पँट झटकली आणि म्हणाले, "चांगली आहे सिस्टिम. सांभाळून वापर." पोह्यांची प्लेट भिंतीवर तशीच राहिली.

मेधा फाटकात उभी होती. घरात आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "काकूंचा चेहरा बघितला का तुम्ही?" मी बघितला नव्हता. त्या दिवसापासून तिनं त्या गाडीत गाणं लावलं नाही. ती लावत नाही म्हणून मीही लावेनासा झालो. एवढी सिस्टिम, आणि आम्ही दोघं गप्प बसून प्रवास करायचो.

पुढच्या गणपतीत काकांनी मंडळाला निरोप पाठवला की आता दुसरं कोणी बघा. कोणीतरी बघितलं. आवाज फार मोठा होता आणि लोक त्याहून मोठ्यानं बोलत होते. मागची खुर्ची रिकामी नव्हती, तिच्यावर कोणीतरी बसलं होतं. मला वाटलं होतं मला फार काहीतरी वाटेल. वाटलं नाही. आरतीला उभा राहिलो, प्रसाद घेतला, घरी आलो. नवा टीव्ही, नवे स्पीकर येत राहिले. काकांना विचारायला कोणी गेलं नाही. विचारणं क्रूर दिसेल असं लोकांना वाटत असावं. समोरासमोरची घरं असून मी त्यांना खिडकीत बसलेलं बघायचो, ते मला बघायचे, आणि आम्ही दोघंही हात वर करायचो. असं करत दोन वर्षं गेली.

या वर्षी गाडी विकायला काढली. घेणाऱ्यानं सगळी गाडी तपासली आणि म्हणाला, "कंपनी के ओरिजिनल स्पीकर हैं क्या? तो बात करते हैं." मला समोर जाणं भाग पडलं. नाहीतर गेलो असतो की नाही, ते मला सांगता येत नाही.

दार काकूंनी उघडलं. काका खिडकीशी खुर्चीत होते. मी स्पीकर म्हणताच ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग काकूंनी जवळ जाऊन सांगितलं, तेव्हा उठून आतल्या खोलीत गेले. कानात मशीन नव्हतं. काकू म्हणाल्या, "आणलंय, कपाटात आहे. लावलं की म्हणतात, सगळंच सारखं मोठं येतं, पंखा पण न् तू पण. काढून ठेवतात."

मी म्हटलं, "काकू, तुम्ही मला तेव्हा सांगितलं होतं, आणि मी..."

"मी नव्हतं सांगितलं रे," काकू म्हणाल्या. पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या. "यांनी पाठवलं होतं मला. स्वतः बोलायची लाज वाटत होती त्यांना. म्हणाले, विनयला सांग. तो घेऊन जाईल, न् बोभाटा नाही करणार."

म्हणजे त्या रविवारी गाडीत माझ्याकडे बघताना काकांना ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. हसणाऱ्यांत दुसऱ्या कोणाला ते ठाऊक नव्हतं. मी तिथंच उभा राहिलो. आपले हात कुठं ठेवावेत हे कळेना.

काका बाहेर आले. हातात खोकं होतं, माझ्याच कारखान्यात छापलेलं. आत प्रत्येक स्पीकर काकूंच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला, स्क्रू वेगळ्या पुरचुंडीत. त्यांनी खोकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बघून घे, सगळं आहे."

"काका, माझं चुकलं," मी म्हटलं.

"काय?"

"माझं चुकलं काका."

त्यांनी कानामागे हात नेला. "स्क्रू? आहेत आत."

हळू आवाजात माफी मागायची सोय तिथं नव्हती. खिडकी उघडी होती. खाली राजू भिया स्कूटर पुसत होता, बाजूच्या गच्चीवर कोणीतरी कपडे वाळत घालत होतं. मी खोकं खाली ठेवलं आणि ओरडलो. "काका, मला माहीत होतं! तुम्हाला मोहरी ऐकू येत नाही हे मला माहीत होतं! तरी मी स्पीकर बंद केले! मुद्दाम केले! तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवला होता! मला माफ करा!"

आयुष्यात मी इतक्या मोठ्यानं बोललेलो नव्हतो. खाली स्कूटर पुसण्याचा आवाज थांबला. राजू मान वर करून बघत होता. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

काकांचा हात वर आला. तळवा खाली, हवा हळूच दाबल्यासारखा.

"कमी कर," ते म्हणाले. "न् आता नीट सांग."

ते खुर्ची ओढून माझ्यासमोर, अगदी जवळ बसले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, नेहमीच्या आवाजात, एकेक शब्द. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.